सोयाबीनवरचा आळ

उन्हाकडे कायम संशयाने पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे कुंडलचे सर. ऊन पडलं की बाकीचं जग वाळवण घालतं नाहीतर सावली शोधतं. सर जागच्या जागी थबकायचे आणि या उन्हानं आत्ता कुणाकुणाचं काय बिघडवलं असेल याचा अंदाज घ्यायचे. त्यांच्या घरी गोडेतेलाची बाटली काळ्या कागदात, लोणच्याची बरणी काळ्या कागदात, आणि औषधाच्या गोळ्या तर दोन पदरी काळ्या कागदात. या घरात कागदात न गुंडाळलेली मी एकटीच, असं वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, मला एकदा सांगितलं होतं. सांगलीच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझं टेबल खिडकीपाशी आणि त्यांचं त्याला लागून, अशी आम्ही सव्वीस वर्षं काढली. मी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून ते मला अण्णा म्हणत. कॉलेजात त्यांना आणखी एक नाव होतं. मुलं, आणि मुलांपेक्षा जास्त प्राध्यापक मंडळी, त्यांच्या माघारी त्यांना 'सोयाबीन' म्हणायची. ते नाव कशावरून पडलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते खोटं आहे हे मात्र फक्त मला ठाऊक होतं. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. सरांच्या गमती सांगाव्यात असं पुष्कळ दिवस मनात होतं, पण गमती सांगायच्या आणि ती एक गोष्ट गाळायची, हे मी आजवर पुष्कळदा केलं आहे. या वेळी दोन्ही लिहितो.

सरांचा जीव क्विनोन नावाच्या पदार्थांच्या एका कुळात अडकला होता. हे कूळ फार मोठं आणि सगळीकडे पसरलेलं. मेंदीचा रंग देणारा पदार्थ याच कुळातला. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तीही यांचीच करणी. हिरव्या पानात ऊन शिरलं की आतला माल इकडून तिकडे पोचवणारा हमाल म्हणजे एक क्विनोन, आणि तुमच्या-माझ्या पेशींमध्येही तीच हमाली करणारा त्याचा एक भाऊबंद. सर या सगळ्यांना 'पावणं' म्हणायचे आणि कुठे भेटले की पाहुण्यांसारखीच त्यांची विचारपूस करायचे. पलूसच्या वाटेवरच्या एका रसवंतीत ते नेहमी दोन पेले रस मागवत, एक लिंबू पिळलेला आणि एक तसाच. मग दोन्ही समोर ठेवून, हाताची घडी घालून, बिनलिंबाचा रस कसा काळवंडत जातो ते बघत बसत. एकदा रसवंतीवाला वैतागून म्हणाला, "आवं सर, प्या की आता. तुमाला बघून गिऱ्हाईक इचारतंय, रसात काय पडलंय म्हनून." पुतणीच्या लग्नात तर त्यांनी नवरीचा मेंदीचा हात धरून तिला सरळ खिडकीशी नेलं, हात उजेडात उलटापालटा केला आणि समाधानानं म्हणाले, "ह्यो आपल्या वळखीचा हाय." नवरदेवाचे चुलते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी मिशीवरून हात फिरवत, कोण वळखीचा, असं शांतपणे विचारलं. त्या सुभेदारांना वनस्पतींचं रसायनशास्त्र समजावून सांगण्यात माझा अर्धा तास गेला आणि पहिली पंगत हुकली.

वर्गात सर शुद्ध पुस्तकी बोलत, पण पेशीचं आवरण शिकवायचं असलं की पुस्तक मिटून मुलांना मैदानावर काढत. घरात दोन भाऊ फौजेत असल्यामुळे कवायतीची हौस त्यांच्या रक्तातच होती. मुलांच्या दोन रांगा करायच्या, एका रांगेचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला, पाठी एकमेकींकडे आणि मध्ये हातभर रुंदीचा बोळ. तोंडं पाण्याकडे आणि पाठी आत, हे झालं आवरण. मग पिवळा सदरा घातलेला एखादा मुलगा शोधून त्याला त्या बोळात सोडायचा. हा झाला क्विनोन. त्याला बोळात हवं तेवढं पळायची मुभा, रांग मोडून बाहेर यायला बंदी. आणि मग सर आपला प्रश्न विचारत, जो त्यांनी निदान वीस वर्षं वेगवेगळ्या मुलांना विचारला. उघड्यावर, म्हणजे स्पिरिटसारख्या द्रवात, उन्हाचा फटका बसला की क्विनोन पिसाळतो, दिसेल त्याच्याशी झटापट करतो आणि आपल्या वाटेनं निघून जातो. पण तोच या बोळात असला तर? ज्याच्याशी झटापट केली त्याच्याच शेजारी त्याला राहावं लागणार. मग ती झटापट वाढते की मिटते? मुलं साहजिकच, वाढते सर, म्हणायची. सर म्हणायचे, अंदाज नको, बघायला पाहिजे. एकदा प्राचार्य फिरत फिरत तिथे आले आणि हा कसला खेळ आहे असं त्यांनी विचारलं. सरांनी त्यांनाही रांगेत उभं केलं. प्राचार्यांच्या अंगावर नेमका पिवळसर कोट होता, त्यामुळे ते पाच मिनिटं बोळात होते.

प्राध्यापकांची सहल पाचगणीला गेली तेव्हा बाकीचे स्ट्रॉबेरी खात दऱ्या बघत होते आणि सर गळ्यात सहा काचनळ्यांची माळ घालून पठारावर उताणे पडले होते. उंचावरचं ऊन सांगलीच्या उन्हापेक्षा तिखट असतं की नाही हे त्यांना पाहायचं होतं. घोडेवाल्यानं जवळ येऊन यांना चक्कर आली का, असं मला विचारलं. बस पंधरा मिनिटं थांबवून धरली, कारण नळ्यांचा वेळ पुरा व्हायचा होता. बसमध्ये सगळ्यांनी त्यांना शिव्या घातल्या आणि मग सगळ्यांनीच नळ्या हातोहात फिरवून बघितल्या. सरांबरोबर राहिलं की असं व्हायचं. ते तुम्हाला आधी वैताग आणायचे आणि मग, तुमच्या नकळत, कुतूहलाची लागण करून जायचे. माझ्या हातून जे घडलं त्याची सुरुवातही त्या लागणीतूनच झाली.

सरांना डॉक्टरेट त्याच प्रश्नावर करायची होती. पेशीच्या आवरणासारखं आवरण प्रयोगशाळेत करायचं तर लेसिथिन लागतं. हा एक मेणचट, चिकट पदार्थ. पाण्यात घोळला की त्याचे आपोआप नजरेला न दिसणारे फुगे होतात आणि फुग्याची भिंत त्या कवायतीसारखीच दुपदरी असते. लेसिथिन काढायची ठरलेली रीत म्हणजे अंड्याच्या बलकातून. सरांनी एका सोमवारी दोन डझन अंडी आणली आणि टेबलावर फोडायला बसले. मी जैन. माझा डबा त्याच खोलीत, लागूनच्या टेबलावर. मी डबा उचलून ग्रंथालयात गेलो. दुसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या दिवशी सर ग्रंथालयाच्या दारात येऊन उभे. "अण्णा, डबा हितं आणून खावा. अंडी बंद केली. सोयाबीनमधनं बी त्योच माल निघतोय." या प्रयोगशाळेत पुन्हा अंडं येणार नाही, असा शब्दही त्यांनी दिला. मी तो हक्काचा असल्यासारखा घेतला आणि डबा घेऊन जागेवर आलो.

सोयाबीनमधून लेसिथिन काढून शुद्ध करण्यात त्यांचं एक वर्ष गेलं. क्विनोन परदेशातल्या कुणा संशोधकानं पाठवला होता, बोटाच्या पेराएवढ्या कुपीत, हळदीसारखा पिवळा. नळ्यांतली हवा पंपानं ओढून घ्यायची, तोंडं काच वितळवून बंद करायची, काही नळ्या गच्चीवर उन्हात आणि काही काळ्या कागदात गुंडाळून कपाटात. सरांना जे दिसलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. स्पिरिटमधला पिवळा उन्हानं उडायचा, आणि नळी फोडून हवा दिली तरी परत येताना कुठेतरी अर्ध्यात अडकायचा. फुग्यांच्या भिंतीतला पिवळाही उडायचा, पण हवा मिळाली की जवळजवळ सगळा परत यायचा. म्हणजे बोळातली झटापट मिटत होती. सर महिनाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. आता राहिलं होतं एकच. कपाटातल्या, फुग्यांच्या सहा नळ्यांवरचे कागद विद्यापीठात मार्गदर्शकांसमोर सोडायचे आणि अंधारात काहीही झालेलं नाही, जे झालं ते उन्हानंच, हे दाखवायचं. त्या सहा नळ्यांवर सगळा प्रबंध उभा होता.

विद्यापीठात जायच्या आदल्या दिवशी सर काही कामानं कुंडलला गेले होते. नळ्या बांधून टेबलावर तयार ठेवल्या होत्या. ऑक्टोबरची दुपार. मी एकटाच होतो. मला फक्त बघायचं होतं, खरंच तितक्याच पिवळ्या राहिल्यात का. एकीचा दोरा सोडला, मग सगळ्यांचेच सोडले. नळ्या खिडकीतल्या स्टँडवर ठेवून पाहिल्या. सहाच्या सहा झेंडूसारख्या पिवळ्या. तेवढ्यात तासाची घंटा झाली, वर्गातून मुलगा बोलवायला आला आणि मी तसाच गेलो. दीड तासानं परत आलो तेव्हा नळ्यांत ताकाच्या निवळीसारखं काहीतरी होतं. मी कागद गुंडाळले, दोरे बांधले, सरांसारख्याच गाठी मारल्या. त्यांच्या गाठी सोडवायला मला वेळ लागला होता, बांधायला लागला नाही. माझ्या मनात काही आकस नव्हता असं इथे लिहायला मला आवडलं असतं. वर्गात जाताना तो नव्हता. परत आल्यावर, गाठी मारताना, थोडा होता. मी वयानं मोठा, नोकरीत जुना, आणि डॉक्टरेट मला नव्हती.

दोन दिवसांनी सर परत आले, खुर्चीवर बसले आणि एवढंच म्हणाले, "अंधारातबी उडाला, अण्णा." मी तेव्हा बोलायला हवं होतं. उद्या बोलू म्हटलं. उद्यापर्यंत कॉलेजनं निकाल लावून टाकला होता. अंधारातही रंग उडाला याचा अर्थ उन्हाचा काही संबंध नाही, सोयाबीनच्या लेसिथिनातच काहीतरी घाण होती, आणि सोयाबीनवर कुणी विज्ञान करतं का. कुपी संपली होती. मार्गदर्शकांनी अंड्याचं लेसिथिन घेऊन पुन्हा सगळं करायला सुचवलं, सर विचार करतो म्हणाले आणि त्यांनी ते कधीच केलं नाही. आधी प्रबंधातलं ते प्रकरण मागे घेतलं, मग प्रबंधच राहिला. पुढची वर्षं त्यांनी मुलांना अनुमापनाचे नेहमीचे प्रयोग शिकवले आणि मैदानावर कवायत घेतली. 'सोयाबीन' हे नाव चिकटलं ते तेव्हापासून. माझ्यादेखत कुणी ते म्हटलं की मी हसत नसे, एवढाच माझा सज्जनपणा.

आमच्यात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणी असते. ओळखीच्या घरोघर जायचं, हात जोडायचे आणि वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा, असं म्हणायचं. समोरचाही तसंच म्हणतो आणि मन धुऊन निघतं. सरांना ही चाल फार आवडे. मी दरवर्षी त्यांच्याकडे जायचो, हात जोडायचो, आणि ते डोळे बारीक करून विचारायचे, "दिली की. पर यंदा काय केलंय त्ये तरी सांगा." मग मी हसायचो, वहिनी चहा आणायच्या. 'कळत-नकळत' या शब्दाच्या आडोशाला एक माणूस किती वर्षं उभा राहू शकतो हे मला विचारा. मी तीस वर्षं उभा होतो.

गेल्या वर्षी आमच्या निवृत्त प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटावर सरांचा वाढदिवस झाला. कुणीतरी शुभेच्छांबरोबर सोयाबीनच्या शेंगांचं चित्र टाकलं. पाठोपाठ आठ-दहा हसरे चेहरे आले. आणि त्यांच्याखाली सरांनी स्वतः हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते जोडलेले हात मी चार दिवस बघत होतो. क्षमावाणीला एसटीनं कुंडलला गेलो. निवृत्तीनंतर सर तिथेच, उसाच्या रानातल्या घरात राहतात. हात जोडले, आणि या वेळी कळत-नकळत म्हणालो नाही. नळ्या, दोरे, घंटा, गाठी, सगळं सांगितलं.

सरांनी विचारलं, "खिडकीची काच लावलेली हुती का उघडी?"

मी म्हटलं, लावलेली होती.

"आनि ढग?"

ढग नव्हते. किती वाजता ठेवल्या, स्टँड भिंतीकडे होता की कडेला, मधल्या नळ्या कडेच्यांपेक्षा कमी उडाल्या होत्या का. मला आठवत होतं ते सगळं मी सांगत गेलो, आणि तीस वर्षांत इतकं बारीक आठवत राहिलं होतं याची माझी मलाच लाज वाटली. सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या पाठीवर लिहायला घेतलं. लिहिता लिहिता त्यांचा चेहरा उजळत गेला. "दीड तासात. काचंआडनं. सहाच्या सहा." पेन्सिल थांबली. "लय जोरात चाललं हुतं की, अण्णा." मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो, या आनंदाची नव्हे. मग तो आनंद हळूहळू ओसरला आणि ते पुटपुटले, "म्हंजे सोयाबीनचा काय दोष न्हवता."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्येंस्नी इतकी वर्सं वाटायचं, सोयाबीननंच घात केला. अंड्याचं घेतलं असतं तर साधलं असतं. पर तुमच्याम्होरं त्ये कवा बोलायचं न्हाई, म्हनून मला शपथ घातलेली. अण्णांच्या मनाला लागंल, म्हनायचं. त्यांच्यासाठनं अंडी सोडली असं व्हईल."

त्या घरात मी अनेकदा बसलो होतो, पण इतका वेळ मान खाली घालून कधी नाही. अंडी पुन्हा का आणली नाहीत, या प्रश्नाचं उत्तर मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं, कारण तो प्रश्नच मी स्वतःला विचारला नव्हता. सर गडबडून म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. दिली की क्षमा. दरसाल देतोयच."

"तुमी दिली," वहिनी म्हणाल्या. "मी न्हाई. अण्णा, दरसाल तुमी मागत आला, मी च्या देत आले. कशाची मागताय त्ये सांगितलं न्हाईसा. आता सांगितलंय, तर मला इचार करू द्या." आणि आत जाऊन त्यांनी चहा आणला. आल्याचा, नेहमीसारखा. कप माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "कालेजातल्या लोकांस्नी लिवून कळवा. ह्येंचं नाव घ्या न्हाईतर घेऊ नगा, तुमचं घाला."

त्याच संध्याकाळी मी गटावर लिहिलं. तिघांनी हात जोडले, एकानं अंगठा दाखवला, आणि एकानं निवृत्तिवेतनाचं नवं परिपत्रक आलं का असं विचारलं. तीस वर्षांपूर्वीच्या काचनळ्यांची गोष्ट मोबाइलच्या चार ओळींत मावत नाही हे मला कळायला हवं होतं. म्हणून हे सविस्तर लिहिलं. आमच्या कुंडलच्या सरांचा प्रयोग फसला नव्हता. सोयाबीन शुद्ध होतं, नळ्या पक्क्या बंद होत्या, अंधारात काहीही झालं नव्हतं. कागद मी सोडले होते. बोळातल्या झटापटीबद्दल त्यांनी जे पाहिलं ते त्यांना नीट दिसलं होतं. त्यानंतर जगात कुणी कुणी असं काही पाहिलं, छापलं, त्याची मला माहिती नाही आणि सरांनी ती शोधायचा प्रयत्नही केला नाही. विचारलं तर म्हणतात, बघितलं असंलच की कुनीतरी, सोडतंय व्हय कुनी.

यंदाच्या क्षमावाणीला पुन्हा कुंडलला गेलो. सर फाटकातच उभे होते. माझे हात जोडून व्हायच्या आत त्यांनी दिली म्हणून सांगितलं आणि खिडकीला आतून पडदा होता की नव्हता, हे वर्षभर विचारायचं राहून गेलेलं विचारून घेतलं. पडदा नव्हता. आत गेलो, वहिनींसमोर हात जोडले. या वेळी नुसतं 'उत्तम क्षमा' म्हणालो, कशाची ते त्यांना माहीत होतं. त्यांनी पदराला हात पुसले, माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, रागानं नव्हे, बाजारात एखादी वस्तू घ्यावी की नाही हे ठरवताना माणूस बघतो तसं. मग म्हणाल्या, "पुढल्या साली या. बघू."

या वयात पुढल्या सालचं बोलावणं सहसा कुणी देत नाही. मी येतो म्हणून सांगितलं आहे.